ग्रीक घटाचं चित्र भिंतीवर लावताना

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीच्या उजव्या हाताला एक चित्र आहे. रंग दोनच, काळा आणि विटकरी. त्याच्याकडे बघून आमच्या मावशीने विचारलं होतं, "ही कसली रे घागर?" घरी आलेल्या कुणीही त्या चित्राबद्दल एवढं अचूक काही विचारलेलं नाही. ती खरोखर घागरच आहे. ग्रीक लोक तिला हायड्रिया म्हणायचे. उचलायला दोन आडवे कान, ओतायला मागे एक उभा कान आणि आत विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी.

प्राचीन घटांची अशी जुनी रेखाटनं आता फ्रेम करून सर्रास विकली जातात. पहिल्यांदा घेणाऱ्याची फसगत तीन ठिकाणी होते. आपण नक्की काय घेतोय ते कळत नाही, फ्रेमवाल्याला काय सांगायचं ते कळत नाही, आणि दोन पावसाळे गेल्यावर कागदावर ठिपके का आले तेही कळत नाही. माझे या तिन्ही ठिकाणी पैसे घालवून झालेत, तेव्हा क्रमाने सांगतो.

१. चित्र नक्की कशाचं आहे, ते आधी समजून घ्या

माझ्या भिंतीवरचा मूळ घट अथेन्समध्ये इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या शेवटी घडला. तो इटलीत पोहोचला आणि दोन हजारांहून जास्त वर्षांनी सर विल्यम हॅमिल्टन यांच्या हाती आला. हॅमिल्टन १७६४ पासून नेपल्सच्या दरबारात ब्रिटनचे राजदूत होते. ज्वालामुखी आणि जुने घट, ही त्यांची दोन वेडं. त्यांचा पहिला संग्रह पिएर-फ्रान्स्वा युग नावाच्या गृहस्थाने चार भव्य खंडांत छापायला घेतला. हा स्वतःला बॅरन दांकारव्हिल म्हणवून घ्यायचा. बॅरनकी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलेली. शीर्षकपानांवर १७६६-६७ ही सालं असली तरी पैशांच्या ओढाताणीत काम लांबलं आणि शेवटचे खंड बाहेर यायला १७७६ साल उजाडलं. तोवर संग्रह नेपल्समधून गेलासुद्धा होता: १७७२ मध्ये ब्रिटिश म्यूझियमने तो सुमारे ८,४०० पौंडांना विकत घेतला.

म्हणजे घट रंगवणारा एक, दोन हजार वर्षांनी तो बघून कागदावर उतरवणारा दुसरा, ते रेखाटन तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा तिसरा आणि छापून आल्यावर हाताने रंग भरणारा चौथा. आजची छपाई असेल तर स्कॅन करणारा आणि प्रिंटर चालवणारा वेगळेच. जो कागद तुम्ही घेता तो या साखळीतला शेवटचा दुवा. विकणारा "ग्रीक घटाचं मूळ चित्र" म्हणाला, तर यातल्या कोणाचं मूळ, एवढं विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर दुकान बदला.

या साखळीत गळती कशी होते त्याचा नमुना माझ्याच घागरीत आहे. ब्रिटिश म्यूझियममधली ही हायड्रिया जेमतेम ५२ सेंमी उंच. तिच्यावर चित्रांचे दोन पट्टे: वरच्या पट्ट्यात ल्युकिपस या ग्रीक पुराणकथेतल्या राजाच्या मुलींचं अपहरण, खालच्या पट्ट्यात हेस्परिडी नावाच्या अप्सरांच्या बागेतला वीर हेराक्लीज. घटावर बारीक अक्षरांत 'मैडियासने घडवला' असं लिहिलेलं आहे. हॅमिल्टन यांना हा घट इतका प्रिय, की इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्सने काढलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्रातही तो आहे. एवढं असूनही ती सही ओळखली गेली ती थेट १८३९ मध्ये, जर्मन पुरातत्त्वज्ञ एडुआर्ड गेरहार्ड यांच्याकडून. घट समोर ठेवून रेघ न् रेघ उतरवणाऱ्या माणसाच्या नजरेतून तेवढी एक ओळ निसटली. मला हे चित्र आवडतं त्यात या निसटण्याचाही वाटा आहे.

२. घराणं निवडा

घटांच्या जुन्या रेखाटनांची तीन मोठी घराणी बाजारात सारखी भेटतात. तिन्ही अठराव्या शतकातली, तिन्ही इटलीतली, तरी भिंतीवर तिघांचा स्वभाव अगदी वेगळा.

पहिलं वर सांगितलेलं, दांकारव्हिलचं. काळी पार्श्वभूमी, विटकरी आकृत्या, भोवती ठसठशीत नक्षीच्या पट्ट्या. यात बऱ्याच घटांची दोन-तीन प्रकारची चित्रं असतात. एकात अख्खा घट दिसतो. दुसऱ्यात घटाच्या पोटावरचं चित्र साल काढल्यासारखं सोडवून सपाट पसरलेलं असतं. तिसऱ्यात घट मधोमध चिरल्यासारखा काटछेद, सोबत मापं. नवखा माणूस डोळे झाकून अख्खा घट उचलतो, मीही तेच केलं होतं. आज निवडायचं झालं तर मी काटछेद घेईन. तो सुताराच्या नकाशासारखा कोरडा दिसतो आणि म्हणूनच बघून कंटाळा येत नाही. ती मापं शोभेपुरती नव्हतीच. कुंभारांनी आणि कारागिरांनी त्यावरून नवी भांडी घडवावीत, हाच उद्देश होता. तसं झालंही. इंग्रज कुंभार-कारखानदार जोसाया वेजवूड यांनी इंग्लंडमधला 'एट्रुरिया' हा नवा कारखाना १३ जून १७६९ रोजी सुरू केला, तेव्हा पहिल्या दिवशी स्वतः चाकावर बसून सहा काळे घट घडवले. त्यांवरच्या आकृत्या याच ग्रंथातून घेतलेल्या, आणि त्याही मैडियासच्या घागरीवरच्या. कारखान्याचं नावही त्या काळच्या समजुतीतून आलं. हे घट इटलीतल्या एट्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या तिथल्या लोकांच्या) थडग्यांत सापडत, म्हणून त्यांना सरसकट 'एट्रुस्कन' म्हणत. विन्केलमनसारखे अभ्यासक ते ग्रीक असल्याचं तेव्हाच सांगत होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तुमच्या चित्राखाली 'एट्रुस्कन' दिसलं तर ती छपाईची चूक नव्हे, त्या काळाची समजूत आहे.

दुसरं घराणं टिशबाइनचं. हॅमिल्टन यांनी दुसरा संग्रह जमवला आणि नेपल्सच्या कला अकादमीचे संचालक विल्हेल्म टिशबाइन यांच्याकडून तो १७९१ पासून छापून घेतला. या खेपेला रंग नाही, छाया नाही, सजावट नाही, फक्त बाह्यरेषा. ग्रंथ स्वस्त पडावा आणि तरुण चित्रकारांच्या हाती जावा, असा हेतू. पांढऱ्या कागदावर एक बारीक, न थरथरणारी रेघ. छोट्या फ्लॅटच्या भिंतीवर हेच सगळ्यात शोभतं, असं माझं ठाम मत आहे. या चित्रांची किंमत वाढवणारी गोष्ट मात्र दुःखद आहे. हॅमिल्टन यांच्या दुसऱ्या संग्रहातल्या पेट्या इंग्लंडला नेणारं 'कोलोसस' हे जहाज डिसेंबर १७९८ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांजवळ बुडालं. १९७० च्या दशकात पाणबुड्यांनी तळातून हजारो खापरं वर काढली आणि ती जुळवताना टिशबाइनची रेखाटनं कामी आली.

तिसरं घराणं पिरानेसीचं. हे मातीचे घट नव्हेत. रोमन संगमरवरी कलश, त्यांवर द्राक्षवेली, मुखवटे, पानांची गर्दी. जोवान्नी बात्तिस्ता पिरानेसी जुने तुकडे गोळा करायचा, त्यांतून कलश उभे करायचा आणि श्रीमंत प्रवाशांना विकायचा. त्यांची चित्रं एचिंगमध्ये, म्हणजे तांब्याची प्लेट आम्लाने कोरून, काढून एकेक कोणा बड्या आसामीला अर्पण करायचा. १७७८ मध्ये त्यांचा संग्रह निघाला, शंभराहून जास्त प्लेटांचा. त्यातला प्रसिद्ध वॉरिक कलश रोमजवळच्या टिव्होलीपाशी रोमन सम्राट हेड्रियनच्या प्रासादालगतच्या दलदलीत तुकड्यांच्या रूपात सापडला होता. आज तो ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे. पिरानेसी भारदस्त खरा, पण त्याला उंच छत आणि मोकळी भिंत लागते. आठ फुटी खोलीत तो अंगावर येतो.

३. भांड्याची ओळख करून घ्या

फार खोलात जायला नको. दोन उभे कान आणि फुगीर पोट असेल तर अँफोरा, म्हणजे साठवणीचा रांजण. रुंद तोंडाचं मोठं भांडं क्रेटर, त्यात वाइनमध्ये पाणी मिसळायचे. उथळ पसरट प्याला कायलिक्स. निमुळती, एका कानाची तेलाची कुपी लेकिथॉस. आकृत्या काळ्या असतील तर शैली जुनी. काळ्या पार्श्वभूमीवर आकृत्या विटकरी असतील तर इ. स. पूर्व ५३० च्या आसपास अथेन्समध्ये सुरू झालेली नंतरची शैली. गंमत अशी, की तो काळा म्हणजे रंगच नव्हे. ती लोहयुक्त बारीक मातीची निवळी. भट्टीत हवा आधी द्यायची, मग कोंडायची, मग पुन्हा द्यायची, या खेळात ती काळी होते आणि बाकीचं अंग विटकरी राहतं.

यातल्या अँफोरांची खापरं आपल्याकडे नेवाशाच्या आणि घारापुरीच्या मातीतही निघाली आहेत. ते मात्र भूमध्य समुद्राकडून वाइन वगैरे भरून आलेले साधे मालाचे रांजण. चित्र-बित्र काही नाही.

४. जुना छाप की नवी छपाई?

इथे घाई करू नका. दहापट भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. खिडकीजवळ उभे राहा आणि चित्र फ्रेममधून बाहेर काढून दाखवायला सांगा. फ्रेमबंद चित्र 'जुनं' म्हणून विकत घेऊ नये, मग विकणारा कितीही गोड बोलो.

भिंगातून आधी रेघ बघा. तांब्याच्या प्लेटवरून छापलेली रेघ सलग असते. शाई कागदावर किंचित उंच बसलेली दिसते. रेघ, मोकळा कागद, रेघ, बाकी काही नाही. रेघेच्या जागी निळे-गुलाबी-पिवळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले दिसले तर ती ऑफसेट छपाई. अगदी बारीक, विस्कटलेला तुषार दिसला तर इंकजेट. यापुढे वाद घालायची गरज नाही.

मग रंग बघा. दांकारव्हिलच्या जुन्या छापात विटकरी रंग कुंचल्याने भरलेला असतो. कुठेतरी तो रेघेबाहेर केसभर सांडतो, कुठेतरी रेघेपर्यंत पोहोचतच नाही. मी पहिल्यांदा अस्सल पान भिंगाखाली धरलं, तेव्हा हेराक्लीजच्या गुडघ्याजवळ रंग असाच काळ्यावर चढलेला दिसला. नेपल्समधल्या कोणा कारागिराचा हात तेवढ्यापुरता घसरला असणार.

तिसरी खूण प्लेटची कड. ओला कागद प्लेटवर ठेवून दाबयंत्रातून काढला की चित्राभोवती चौकोनी दबलेली खाच उमटते. बोटाने लागते. पण एवढ्यावर विसंबू नका, कारण नव्या प्रतींवरही कोरा ठोकळा दाबून खोटी खाच आणतात. उलट अस्सल पानाची खाच एखाद्या आगाऊ फ्रेमवाल्याने कापून टाकलेली असू शकते.

चौथा कागद. उजेडासमोर धरा. त्या काळच्या हातकागदात जाळीच्या समांतर रेषा दिसतात: बारीक रेषा दाट आणि त्यांना काटकोनात जाड रेषा साधारण अडीच सेंटिमीटर अंतराने. जलचिन्हही असू शकतं. कागद दुधासारखा एकसंध दिसला तर बहुधा पुढच्या काळातला. कागद कडांपासून आतवर सारखाच तपकिरी असेल तर संशय घ्या. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद असाच दिसतो. खरं वय कडांना जास्त आणि आत कमी दिसतं.

पिरानेसीच्या बाबतीत आणखी एक गुंता. त्याच्या तांब्याच्या प्लेटा त्याच्यासोबत संपल्या नाहीत. मुलाने त्या पॅरिसला नेल्या, १८३९ मध्ये त्या पोपच्या सरकारने विकत घेऊन रोमला परत आणल्या आणि आजही त्या रोममध्येच जपलेल्या आहेत. दरम्यान त्यांवरून छपाई चालूच राहिली. तेव्हा 'पिरानेसीच्या अस्सल प्लेटवरून छापलेलं' हे वाक्य खरं असूनही छाप त्याच्या मृत्यूनंतर साठ-सत्तर वर्षांचा असू शकतो. झिजलेल्या प्लेटवरच्या छापात गडद सावल्या राखाडी पडतात. असा छाप घ्यायला हरकत नाही, फक्त त्याला हयातीतल्या छापाचा भाव देऊ नका.

चित्राखाली बारीक लॅटिन अक्षरं असतील तर डावीकडे नावापुढे 'डेल.' म्हणजे रेखाटलं, उजवीकडे 'स्कल्प.' म्हणजे कोरलं. एवढं येत असलं की दुकानदार जरा जपून बोलतो.

आणि एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो. बाजारातली बरीच सुटी पानं कुठल्यातरी अख्ख्या ग्रंथाची शिवण उसवून आलेली असतात, कारण एकेक पान विकलं की ग्रंथापेक्षा जास्त पैसे सुटतात. पूर्वीच फुटलेल्या ग्रंथाचं पान घेणं मी समजू शकतो. पण समोरचा माणूस "हवं ते पान काढून देतो" म्हणाला तर मी नमस्कार करून बाहेर पडतो.

५. माझा सल्ला: स्वतः छापून घ्या

पहिल्याच चित्रासाठी अस्सलच्या मागे धावू नका. दांकारव्हिलचे खंड हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पानन् पान स्कॅन करून खुले केले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रं कोणालाही, कशासाठीही वापरायला मोकळी केली. पिरानेसीचे कलश तिथे मिळतील. ब्रिटिश म्यूझियमची छायाचित्रं घरच्या वापराला चालतात, छापून विकायला नाही. डाउनलोड करताना शेजारची अटींची ओळ वाचायची एवढंच.

मग गणित. चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल धरा. ए-थ्री कागदासाठी साधारण ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल हवेत, १२ गुणिले १८ इंचासाठी ३६०० गुणिले ५४००. फाइल अपुरी असेल तर चित्र लहान छापा. ती ताणून मोठी केली की नक्षीच्या पट्ट्या आधी विरघळतात. मूळ पानं साधारण ४७ सेंमी उंच होती, म्हणून ए-थ्रीला चित्र मूळ मापाच्या बऱ्यापैकी जवळ जातं आणि नजरेलाही बरोबर वाटतं.

छापणाऱ्याकडे पिगमेंट शाई आणि ३०० ग्रॅमच्या आसपासचा, चकाकी नसलेला सुती कागद मागा. चकचकीत फोटोपेपरवर ही चित्रं लग्नाच्या अल्बमसारखी दिसतात. पूर्ण छपाईआधी तळहाताएवढा तुकडा छापून घ्या, ज्यात काळा, विटकरी आणि कोरा कागद तिन्ही येतील. दुकानातली माणसं सवयीने रंग 'उठावदार' करतात आणि विटकरीचा भगवा होतो. त्यांना सांगा, भाजलेल्या कौलाचा रंग हवा. कौल म्हटलं की कळतं. आणखी एक सांगा, जुन्या कागदाची पिवळसर झाक पुसू नका आणि चित्राभोवतीचा कोरा समास कापू नका.

६. फ्रेम

माझी पहिली फ्रेम एका ओळखीच्या दुकानात झाली. काम झटपट, पट्टी सुरेख, वर सोनेरी कडा फुकट. काच थेट कागदावर टेकलेली, मागे हार्डबोर्ड, चित्र चारी बाजूंनी फेविकॉलने चिकटवलेलं. दुसऱ्या पावसाळ्यात कागदाला लाटा आल्या आणि डाव्या कोपऱ्यात तो काचेला चिकटला. सोडवायला गेलो तर हेस्परिडींपैकी एकीचा चेहरा काचेवर राहिला. दुकानदाराचा दोष निम्मा, उरलेला माझा, कारण मी काहीच सांगितलं नव्हतं. आता मी कागदावर लिहूनच नेतो.

पहिली गोष्ट माउंट, म्हणजे चित्राभोवती बसणारी, मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट. काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणं हे त्याचं खरं काम, शोभा नंतर. आम्लमुक्त माउंट मागा, दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. साध्या माउंटची कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडते आणि तो पिवळेपणा चित्रावर उतरतो. रुंदी तीन बाजूंना सात सेंमी आणि खाली आठ. खाली थोडं जास्त नसेल तर चित्र घसरल्यासारखं वाटतं. रंग मोडका पांढरा. विटकरी माउंट लावू नका, तो घटाशी भांडतो. अस्सल छाप असेल तर माउंटची खिडकी प्लेटच्या खाचेबाहेर पडली पाहिजे, खाच दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट चिकटवणं. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवायचा, बाकी मोकळा लोंबू द्यायचा. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो आणि आकसतो, त्याला जागा हवी. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ, हा जुना आणि अजूनही उत्तम उपाय. पाण्याने सुटते, डाग राहत नाही. सेलोटेप, दुतोंडी टेप, फेविकॉल, गरम दाबून चिकटवणं, यातलं काहीही अस्सल पानाला लागू देऊ नका. नव्या छपाईला फ्रेमवाला चिकटवायचाच म्हणाला तर फार ताणू नका, पुन्हा छापता येतं.

काचेबद्दल थोडक्यात: साधी दोन मिलिमीटरची काच पुरते. चित्र मोठं असेल किंवा घरात चेंडू उडत असेल तर ॲक्रेलिक. अस्सल पान असेल तर अतिनील किरण अडवणारी काच, तिथे काटकसर नको. मळकट दिसणारी 'नॉन-रिफ्लेक्टिव्ह' काच मात्र रेघेची धार घालवते. टिशबाइनवर तर ती अजिबात नको.

मागे हार्डबोर्ड लागणारच, पण तो आणि चित्र यांच्यात आम्लमुक्त बोर्डाचा एक थर घाला. मागची फट कागदी टेपने पूर्ण बंद करा, कसर तिथूनच आत शिरते. खळ आणि कागद, दोन्ही तिचं आवडतं खाणं.

पट्टी काळी, बारीक, दीड-दोन सेंमी. किंवा साधं सागवान. सोनेरी वेलबुट्टी पिरानेसीला एखाद वेळ खपून जाते, मातीच्या घटाला नाही. पट्टीचा दर फुटावर असतो, त्यामुळे रुंद माउंट घेतला की पट्टीचा खर्चही वाढतो. फ्रेमचा खर्च छपाईहून जास्त झाला तर दचकू नका, बहुतेकदा तसंच होतं.

७. भिंत आणि उंची

इमारतीची बाहेरची भिंत टाळा. मुंबई-ठाणे-कोकणात पावसाळ्यात ती आतून गार आणि दमट असते, आणि फ्रेमच्या मागे सगळ्यात आधी बुरशी तिथेच धरते. दोन खोल्यांमधली भिंत उत्तम. बाथरूमला लागून असलेली भिंत तिला अपवाद. देवघराशेजारीही नको, उदबत्तीचा धूर काचेवर बसतो आणि पुसताना ओल कडेने आत जाते.

उन्हाचा थेट कवडसा दिवसातून दहा मिनिटंही पडत असेल तर जागा बदला. कागदावरच्या कलाकृतींसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवतात. घरात तेवढा अंधार कोण करणार, पण ऊन टाळणं हातात आहे.

उंचीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी, असं सगळीकडे सांगतात. ते उभ्याने बघायचं माप. आपल्या बैठकीच्या खोलीत लोक बसून बघतात, तेव्हा सोफ्यासमोरची भिंत असेल तर दहा-पंधरा सेंमी खाली घ्या. लावण्याआधी त्याच मापाचा वर्तमानपत्र कापून चिकटपट्टीने दोन दिवस भिंतीवर ठेवा. आमच्याकडे पहिली जागा दोन दिवसांतच बाद झाली, दार उघडलं की कडी थेट हेराक्लीजला लागत होती.

काँक्रीटमध्ये खिळा ठोकू नका, वाकतो आणि गिलावा उडतो. सहा मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकचा प्लग, मग स्क्रू. एकाऐवजी दोन हुक, अंतर फ्रेमच्या रुंदीच्या निम्मं, म्हणजे फ्रेम तिरपी होत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून रबराच्या बुटक्या गोट्या चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर नाही तरी अर्ध्या बोटाची फट राहते आणि हवा खेळते. सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच आणि सगळ्यात जास्त हीच विसरली जाते.

८. पावसाळा आणि त्यानंतर

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि किनारपट्टीला जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. सगळं घर कोरडं ठेवणं अशक्य. खोलीत पंखा फिरता ठेवा आणि काच पुसताना फडक्यावर पाणी घ्या, काचेवर फवारू नका. फ्रेममध्ये कापराची किंवा डांबराची गोळी ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

दरवर्षी दसऱ्याच्या साफसफाईत फ्रेम उतरवा आणि पालथी करा. टेप कुठे सुटलीय का, हार्डबोर्ड फुगलाय का, कोपऱ्यात भुसा पडलाय का ते बघा. मग पुढून, तिरप्या उजेडात, कागदावर तांबूस ठिपके दिसतात का. नव्या छपाईवर दिसले तर फ्रेम उघडून वाळवा आणि मागचा बोर्ड बदला. अस्सल पानावर दिसले तर स्वतः काही करू नका, खोडरबरसुद्धा नाही. कागद संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाकडेच न्या.

फ्रेम पालथी आहे तोवर मागे एक कागद चिकटवून पेन्सिलीने लिहा: कुठला घट, आज कुठे आहे, कोणाच्या ग्रंथातलं चित्र, अस्सल छाप की अलीकडची छपाई, कागद कुठला, फ्रेम कधी केली. माझ्या फ्रेममागे शेवटी एक जास्तीची ओळ आहे, "सही घटावर आहे, चित्रात शोधू नये." मावशीने ती वाचली आणि चष्मा लावून आधी चित्रातच शोधायला लागली.